बघीराच्या अंगावरचे ठिपके

ऐका मुलांनो, आज काळ्या बिबट्याची गोष्ट सांगतो.

जबलपूरहून नागपूरला जाणारा रस्ता तुम्हांला पाठ आहे. बरगी, धूमा, लखनादौन, छपारा, मग सिवनी. पुढे कुरईचा घाट आणि खवासा. खवासा ओलांडलं की महाराष्ट्र लागतो. या रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांवर एक हकिकत नेहमी ऐकू येते. दिवेलागणीच्या सुमारास, नाहीतर झुंजुमुंजू होताना, एक काळंभोर जनावर रस्ता ओलांडून गेलं. चाल मांजराची, पण अंगाने मांजराच्या कितीतरी पट मोठं, आणि मागे लांबलचक शेपूट. सांगणारा कधी गुराखी असतो, कधी रात्रभर गाडी हाकून आलेला ट्रकचालक, कधी तेंदूपत्ता तोडायला रानात गेलेली बाई. ऐकणाऱ्यांचे मात्र लगेच दोन तट पडतात. काहींना ते देवाचं नाहीतर भुताचं रूप वाटतं. काही जण हात झटकून म्हणतात, "काही नाही, अंधारात भास झाला."

दोघेही घाई करतात. पाहणाऱ्याने काहीतरी नक्की पाहिलेलं असतं. ते काय होतं हे शोधून काढायच्या रीती माणसाने मोठ्या कष्टाने तयार केल्या आहेत, आणि भुताच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा त्या रीतींची गोष्ट मला जास्त आवडते.

"आजोबा, बघीरा इथलाच ना?" धाकटीने विचारलंच.

हो बाळा, गोष्टीतला तो काळा बिबट्या इथलाच. रुडयार्ड किपलिंगचं 'द जंगल बुक' १८९४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातला मोगली वाढला तो सिवनीच्या डोंगरातल्या लांडग्यांच्या कळपात. त्या पुस्तकातली वैनगंगा सिवनी जिल्ह्यातच उगम पावते आणि पुढे भंडारा, गडचिरोलीच्या मराठी मुलखातून वाहते. कान्हीवाडा हे त्यातलं गावही नकाशावर सापडतं. किपलिंगने नोकरी केली ती लाहोरला आणि अलाहाबादला. सिवनीचं रान त्याने स्वतः पाहिलं नव्हतं, असं त्याचे अभ्यासक मानतात. पण रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याने सातपुड्यातल्या आपल्या मुक्कामांवर १८७७ मध्ये एक पुस्तक लिहिलं होतं आणि त्याचं नावच 'सिवनी' असं होतं. आपल्या जबलपूरचाही यात एक धागा आहे. ठगांचा बंदोबस्त करणारा विल्यम स्लीमन इथला अधिकारी. पुढे अवधमध्ये असताना त्याने लांडग्यांनी सांभाळलेल्या मुलांच्या हकिकती गोळा केल्या आणि १८५२ मध्ये त्यांची पुस्तिका निघाली. मोगलीच्या मागे अशी बरीच माणसं उभी आहेत.

बघीरा स्वतः मात्र जंगलात जन्मला नव्हता. पुस्तकात तो उदयपूरच्या राजाच्या पिंजऱ्यात जन्मलेला दाखवला आहे. तो सगळा काळा असला तरी ठरावीक उजेडात त्याच्या अंगावरचे ठिपके दिसत, असंही किपलिंगने लिहिलं आहे. हा बारकावा अगदी खरा आहे. तो ध्यानात ठेवा, पुढे आपल्याला लागणार आहे.

आता परत त्या रस्त्यावर येऊ. समजा, तुम्ही स्वतः ते काळं जनावर पाहिलं. सगळ्यांत आधी काय विचाराल?

"ते कुठे गेलं?" थोरला म्हणाला.

तो दुसरा प्रश्न, राजा. पहिला प्रश्न असा, की उजेड कुठून येत होता? आपल्या डोळ्यांत प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. रंग ओळखणाऱ्या पेशींना भरपूर उजेड लागतो. उजेड कमी झाला की त्यांचं काम मंदावतं आणि दुसऱ्या पेशी पुढे येतात. त्यांना फक्त फिकं आणि गडद कळतं. तांबडा आणि पिवळसर रंग तर संध्याकाळी सगळ्यांत आधी काळवंडतात. बिबट्याचं अंग पिवळसर तांबूस असतं. मावळत्या सूर्याकडे तोंड करून आपण उभे असलो आणि तो मधून गेला, तर नेहमीचा ठिपकेवाला बिबट्यासुद्धा काळाच दिसतो. म्हणून उजेड पाहणाऱ्याच्या पाठीमागे होता की समोर, हे आधी विचारायचं.

दुसरा प्रश्न शेपटीचा. सातपुड्याच्या रानात अस्वलं पुष्कळ आहेत. अस्वल काळं, केसाळ आणि भारी अंगाचं असतं, आणि झुडपाआड जाताना त्याची नुसती पाठ दिसली तर माणूस सहज चकतो. पण अस्वलाला दिसण्याजोगी शेपूट नसते. बिबट्याची शेपूट जवळजवळ मीटरभर भरते आणि चालताना तिचं टोक बहुतेक वेळा वर वळलेलं असतं. पाहणाऱ्याने शेपूट आपणहून सांगितली, तर त्याच्या बोलण्याचं वजन वाढतं.

तिसरा प्रश्न मापाचा. मोकळ्या माळावर दूर उभं असलेलं जनावर किती मोठं आहे हे डोळ्यांना कळत नाही, कारण शेजारी तुलनेला काहीच नसतं. घरचं काळं मांजर खांद्यापाशी वीतभरापेक्षा थोडं उंच, तर बिबट्या दोन फुटांच्या पुढे. एवढा फरक असूनही माणसं फसतात. म्हणून ते जनावर कशाजवळून गेलं हे विचारायचं. मैलाचा दगड होता? बांध होता? कुंपणाचा खांब होता? मग दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन तो दगड किंवा खांब मोजायचा. जनावर निघून गेलं तरी मोजपट्टी जागेवर राहते.

चौथा प्रश्न पावलांचा. धुळीत किंवा ओढ्याकाठच्या चिखलात ठसे असतील तर नखं पाहायची. मांजराच्या कुळातली जनावरं चालताना नखं आत ओढून घेतात, त्यामुळे बिबट्याच्या पंजाच्या ठशात सहसा नखं उमटत नाहीत. कुत्रा, तरस आणि अस्वल यांच्या ठशात ती दिसतात. अस्वलाची तर लांबलचक, बोटांच्या खूप पुढे.

ही चौकशी नीट केली तर काय होतं, याची एक परदेशातली गोष्ट सांगतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे आणि तिथे बॉडमिन नावाचा ओसाड माळ आहे. इंग्लंडच्या रानात बिबटे नाहीत. तरीही त्या माळावर मोठं काळं मांजर दिसतं, मेंढ्या मरतात, असं लोक वर्षानुवर्षं सांगत होते. शेवटी १९९५ मध्ये सरकारच्या शेती खात्याने रीतसर चौकशी केली. अधिकाऱ्यांनी लोकांना हसण्यावारी नेलं नाही. ज्या ज्या जागी त्या जनावराचं चित्रण झालं होतं तिथे जाऊन त्यांनी मापाची काठी उभी केली आणि चित्राशी ताडून पाहिली. चित्रांतली जनावरं घरच्या मांजराच्या मापाची निघाली. मोठं मांजर असल्याचा पडताळता येईल असा पुरावा मिळाला नाही, पण ते मुळीच नाही असंही सिद्ध करता येत नाही, असा अहवाल त्यांनी दिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिथल्या फोवी नदीत एका मुलाला कवटी सापडली. मोठे सुळे, रुंद जबडा. सगळीकडे खळबळ उडाली. कवटी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये गेली. तिथल्या तज्ज्ञांनी सांगितलं की ही खरोखरच बिबट्याची कवटी आहे, तरुण नराची.

"म्हणजे लोकांचं खरं होतं!"

थांब, अजून संपलं नाही. तज्ज्ञांनी कवटी आतूनही तपासली. आत एका झुरळाच्या अंड्यांची कुपी चिकटलेली होती, आणि ते झुरळ होतं उष्ण देशातलं. इंग्लंडच्या थंड माळावर ते अंडी घालणं शक्य नाही. कवटीचा मागचा भाग कापलेला होता, हाडावर सुरीच्या खुणा होत्या. शिकारीचं कातडं डोक्यासकट गालिच्यासारखं अंथरायची पद्धत होती, तेव्हा कवट्या अशाच कापत. म्हणजे बिबट्या खरा होता, पण तो मेला होता दूर एखाद्या उष्ण देशात, आणि त्याची कवटी कुणाच्या तरी दिवाणखान्यातून नदीत पोचली होती. एवढ्याशा कुपीने केवढा प्रश्न सोडवला पाहा.

स्कॉटलंडमध्ये याच्या उलट झालं. तिथले लोकही मोठ्या काळ्या मांजराबद्दल सांगत. १९८४ मध्ये केलास या गावाजवळ तसलं एक जनावर फासात सापडलं. ते बिबट्या नव्हतं, पण घरचं मांजरही नव्हतं. तिथलं रानमांजर आणि घरचं मांजर यांच्या संकरातून झालेलं ते काळं, उंच पायांचं जनावर होतं. लोकांनी पाहिलेलं खरं ठरलं, फक्त त्याला दिलेलं नाव चुकलं होतं.

आता आपल्याकडे या. आपल्या रानात बिबटे आहेत, आणि भरपूर आहेत. २०२२ च्या गणनेत भारतात १३,८७४ बिबटे असल्याचा अंदाज निघाला. त्यांतले ३,९०७ आपल्या मध्य प्रदेशात, देशात सर्वांत जास्त. महाराष्ट्रात १,९८५. आपल्या डुमना विमानतळाच्या वाटेवरच्या राखीव रानातसुद्धा बिबटे राहतात. त्यामुळे इथे काळ्या बिबट्याची हकिकत ऐकली की बॉडमिनसारखी 'बिबट्या आलाच कुठून' अशी अडचण येत नाही. इथला प्रश्न एवढाच, की तो काळा होता का?

या प्रश्नाचं उत्तर पेंचच्या रानाने स्वच्छ दिलं आहे. अलीकडच्या काही वर्षांत सिवनी जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पात पर्यटकांनी आणि वनरक्षकांनी काळा बिबट्या दिवसाउजेडी पाहिला आहे, त्याची छायाचित्रं आणि चित्रफिती आहेत. त्यांतलं सर्वांत मोलाचं दृश्य म्हणजे ठिपक्यांची आई, तिच्यामागे एक ठिपक्यांचं पिल्लू आणि एक काळं पिल्लू. महाराष्ट्रात चंद्रपूरच्या ताडोब्यात मे २०१८ मध्ये परदेशी पर्यटकांना काळा बिबट्या दिसला आणि त्याचे फोटो सगळीकडे पोचले. कर्नाटकात काबिनीच्या आणि दांडेलीच्या जंगलात तर तो अधूनमधून दिसतोच. किपलिंगने न पाहिलेल्या रानात त्याचा बघीरा खरोखरच फिरतो आहे.

"पण आई ठिपक्यांची आणि पिल्लू काळं, हे कसं?"

हाच खरा चमत्कार, नीट ऐका. काळा बिबट्या ही वेगळी जात नाही. तो बिबट्याच आहे, आणि त्याच्या अंगावर ठिपकेसुद्धा सगळेच्या सगळे आहेत. संक्रांतीला तुमची आजी जी चंद्रकळा नेसते, तिच्या काळ्या पोतावर काळ्याच धाग्याची बुट्टी असते ना? लांबून ती कळत नाही, उन्हात पदर धरला की दिसते. तसंच हे.

केसांना रंग देणारं द्रव्य म्हणजे मेलॅनिन. ते दोन तऱ्हांचं असतं. एक काळं-तपकिरी, दुसरं पिवळसर-तांबूस. त्वचेतल्या रंगपेशींना कुठलं द्रव्य कधी बनवायचं याची सूचना लागते. अगूटी नावाचं एक प्रथिन त्यांना 'आता काळं थांबवा, पिवळं बनवा' असं सांगतं. त्यामुळेच बिबट्याच्या अंगाचा मोकळा भाग पिवळा राहतो. हे प्रथिन बनवायची कृती ज्या जनुकात असते, त्या जनुकात काही बिबट्यांमध्ये एक बदल झालेला असतो. मग प्रथिन कामाचं राहत नाही. थांबायची सूचनाच मिळाली नाही, म्हणून रंगपेशी सगळीकडे काळंच बनवत राहतात. ठिपक्यांच्या जागी रंग अधिक दाट असतो, बाकी ठिकाणी किंचित कमी, आणि तेवढ्या फरकामुळे तिरप्या उन्हात ठिपके उमटतात. किपलिंगने लिहिलं होतं ते हेच.

आता प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. बिबट्यात एक जरी प्रत धड असली तरी प्रथिन पुरेसं बनतं आणि अंगावर ठिपके दिसतात. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तरच तो काळा होतो. पाटी घ्या आणि मांडा. आईकडे एक धड, एक बदललेली. बापाकडेही तसंच. दोघंही दिसायला ठिपकेवाले. पिल्लाला कुठली प्रत मिळेल याच्या चार शक्यता: धड-धड, धड-बदललेली, बदललेली-धड, बदललेली-बदललेली. पहिल्या तिन्हींत पिल्लू ठिपक्यांचं. चौथ्यात काळं. म्हणजे अशा जोडप्याच्या पिल्लांत सरासरीने चारांत एक काळं. पेंचच्या त्या आईजवळ एक बदललेली प्रत होती, ती तिच्या अंगावर कुठेच दिसत नव्हती, आणि पिल्लाच्या बापाकडूनही तशीच एक आली.

"आणि आई-बाप दोघेही काळे असले तर?"

मग सगळी पिल्लं काळी. आणि एक काळा, दुसऱ्याच्या दोन्ही प्रती धड, तर सगळी पिल्लं ठिपक्यांची, पण प्रत्येकाच्या अंगात काळा वारसा लपलेला. तो असा दोन-तीन पिढ्या दडून राहतो आणि मग एके दिवशी अचानक काळं पिल्लू जन्मतं. गावात मधली वीस वर्षं कुणाला काळा बिबट्या दिसला नाही आणि मग पुन्हा दिसू लागला, तर त्यात भुताटकी काही नाही. ठिपकेवाल्यांनी तो वारसा तेवढा काळ सांभाळून ठेवलेला असतो.

निसर्गाने हे काम प्रत्येक जनावरात एकाच वाटेने केलेलं नाही. दक्षिण अमेरिकेतला जग्वारही काळा असतो, पण त्याच्यात बदल झाला आहे वेगळ्या जनुकात, आणि तिथे एक बदललेली प्रत पुरते. ओडिशातल्या सिमिलीपालचे काळे वाघ आणखी वेगळे. त्यांचा रंग बदललेला नाही, पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले आहेत. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये त्याचं कारण शोधून दाखवलं. टॅकपेप नावाच्या जनुकातला एक बारीकसा बदल. सिमिलीपालच्या वाघांचा इतर रानांतल्या वाघांशी संबंध तुटलेला आहे. थोड्या वाघांत आपापसातच वंश वाढत गेला, म्हणून तो दुर्मिळ बदल तिथे एवढा पसरला. काळा वाघ पाहून आनंद होतो, पण तो रान एकटं पडल्याची खूणही आहे.

जगभरचे बिबटे पाहिले तर साधारण शंभरात अकरा काळे असतात, असं २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं. पण ते सगळीकडे सारखे वाटलेले नाहीत. दमट, घनदाट, सदाहरित जंगलात जास्त, उघड्या कोरड्या मुलखात फार थोडे. दाट सावलीत काळं अंग लपायला सोयीचं, हे कुणालाही पटेल. मलेशियाच्या द्वीपकल्पी भागात तर जवळजवळ सगळेच बिबटे काळे आहेत. तिथल्या मुलांना ठिपकेवाला बिबट्या दिसला तर तेच नवल!

त्या मलेशियात शास्त्रज्ञांपुढे एक अडचण उभी राहिली. बिबट्यांची गणना ठिपक्यांवरून करतात. रानात झाडांच्या बुंध्यांना गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरे बांधतात, समोरून ऊब आणि हालचाल जाणवली की ते आपोआप फोटो काढतात. आपल्याकडे फ्रेडरिक चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात तारेला पाय लागला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लावून वाघ-बिबट्यांचे फोटो काढले होते. आजचे कॅमेरे त्याच कल्पनेतून पुढे आले. प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असते, त्यावरून हा कोण ते ओळखायचं. पण सगळेच काळे असतील तर कसं ओळखायचं? मलेशियातले कॅमेरे दिवसा साधा फोटो काढत आणि अंधार पडला की अवरक्त प्रकाश वापरत, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा तांबड्यापलीकडचा प्रकाश. शास्त्रज्ञांनी कॅमेऱ्याचा उजेड ओळखणारा डोळाच झाकून टाकला. कॅमेऱ्याला वाटलं, कायम रात्रच आहे, आणि तो सदानकदा अवरक्त प्रकाशातच फोटो काढू लागला. त्या प्रकाशात काळ्या अंगावरचे ठिपके स्वच्छ दिसले. २०१५ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं आणि काळ्या बिबट्यांची एकेक करून ओळख पटू लागली. किती साधी युक्ती, आणि केवढं मोठं काम!

"पण आजोबा, पेंच तर कोरडं रान आहे. उन्हाळ्यात सगळा साग निष्पर्ण होतो."

शाबास, बरोबर पकडलंस. पेंच आणि ताडोबा दोन्ही पानगळीची रानं. एप्रिल-मेमध्ये तिथे काळं जनावर लांबूनही उठून दिसतं. आफ्रिकेत केनियाच्या लायकिपियासारख्या झुडपी, कोरड्या भागातही काळा बिबट्या असल्याचं संशोधकांनी २०१९ मध्ये फोटोंसह दाखवलं. याचा अर्थ असा, की लपलेली प्रत रान ओलं की कोरडं हे पाहून वागत नाही. तिला वाहणारे दोन बिबटे भेटले की ती प्रकट होते. पुढे ते काळं पिल्लू किती सुखाने जगेल, हे मात्र रान ठरवतं. बिबट्या बहुतांशी रात्री आणि दबा धरून शिकार करतो, म्हणून काळ्या रंगाने त्याचं फार अडत नाही. पण थोडं अडतंही. ठिपकेवाल्या बिबट्याच्या कानांच्या मागे पांढरे डाग असतात, शेपटीच्या टोकाखाली पांढरं असतं. अंधुक उजेडात पिल्लांना आईचा माग ठेवायला, एकमेकांचा मनसुबा कळायला या पांढऱ्या खुणा उपयोगी पडतात. काळ्या बिबट्यात त्या झाकल्या जातात. काळा रंग सगळ्या रानांत का पसरला नाही, त्याचं हे एक कारण असावं, असं २०१९ मध्ये काही संशोधकांनी मांडलं आहे. निसर्गात प्रत्येक सोयीला काही किंमत द्यावी लागते.

आता तुमच्या कामाची गोष्ट. उद्या बरगीच्या पुढे रस्त्यात तुम्हांला काळं जनावर दिसलं तर काय कराल? गाडीतून उतरायचं नाही. पाठलाग करायचा नाही. उजेड कुठून होता, ते कशाजवळून गेलं, शेपूट होती का, कान कसे होते, किती वाजले होते, हे तिथल्या तिथे वहीत लिहायचं, दुसऱ्याशी बोलायच्या आधी. कारण चार जण बोलायला लागले की एकाचं पाहणं दुसऱ्याच्या आठवणीत मिसळतं. मग वनखात्याच्या चौकीवर कळवायचं. विष्ठा किंवा केस सापडले तर हात लावायचा नाही, ते वनरक्षकांना दाखवायचं. त्यांतून डीएनए काढून जनावर ओळखता येतं. आपल्या जबलपूरच्याच नानाजी देशमुख पशुवैद्यक विद्यापीठात वन्यजीवांच्या न्यायवैद्यक तपासणीचं केंद्र आहे, ही या गावाची अभिमानाची गोष्ट आहे. आणि फोटो मिळालाच, तर नेमकी जागा मोबाइलवरून गावभर करायची नाही. काळ्या बिबट्याची बातमी फुटली की गाड्यांची रांग लागते, आणि शिकाऱ्यालाही पत्ता मिळतो.

पाहणाऱ्या माणसाचाही मान ठेवायचा. रानात रोज जाणाऱ्या गुराख्याची, तेंदूपत्त्यावाल्या बाईची नजर आपल्यापेक्षा तयार असते. ती खोटी आहे असं धरून चालायचं नाही आणि तपासल्याशिवाय शिक्काही मारायचा नाही. तपासणं हा अविश्वास नाही. पाहणाऱ्याच्या बोलण्याची कदर करायची तीच खरी रीत आहे.

शेवटचं सांगतो. काळा बिबट्या वाचवायचा म्हणजे काय करायचं? त्याच्यासाठी वेगळं रान राखून भागणार नाही. दोन लपलेल्या प्रती भेटायच्या तर बिबट्यांना एका रानातून दुसऱ्या रानात जाता आलं पाहिजे. कान्हा आणि पेंच यांच्यामध्ये सिवनी, मंडला, बालाघाटच्या जंगलांचा पट्टा आहे. जनावरं त्यातून येतात-जातात. नागपूरच्या रस्त्यावर पेंचजवळ उंच पूल बांधून खालून जनावरांना वाट ठेवली आहे, आणि वाघ-बिबट्यांनी ती वापरल्याचं कॅमेऱ्यांत नोंदलं गेलं आहे. असे पूल आणि असे जंगलपट्टे टिकले तरच सिमिलीपालसारखं एकटेपण आपल्या रानांना येणार नाही.

आणि रस्त्यात नेहमीचा ठिपक्यांचा बिबट्या दिसला, तर 'हा काय, साधाच आहे' असं कधी म्हणू नका. कुठल्या ठिपकेवाल्याच्या अंगात काळा वारसा दडलेला आहे, हे बाहेरून कुणालाच ओळखता येत नाही. म्हणून पुढच्या पिढीला बघीरा पाहायचा असेल, तर आज आपल्याला प्रत्येक बिबट्या जपला पाहिजे.